पदकाची पाठ

निळूभाऊंच्या हातात कुठलंही पदक दिलं, की ते आधी पालथं करत. मग ते शाळेच्या लंगडीच्या सामन्याचं असो, नाहीतर एखाद्या निवृत्त सुभेदारानं फीत बदलायला आणलेलं असो. पाठ नीट बघून झाली की मगच तोंडाकडे वळत आणि म्हणत, “समोरून सगळे सारखेच असते. पाठीवर पाहा, मॅडम.” पुढे या वाक्याची मला इतकी सवय झाली की ते ऐकलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्र त्यांचा भयंकर राग आला होता.

मी नागपुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. लग्नानंतर बऱ्याच उशिरा मिळालेली नोकरी, त्यामुळे उत्साह जरा जास्तच. गळ्यात शिट्टी, पायात बूट आणि डोक्यात कायम पुढच्या तासाची घाई. पहिल्याच वर्षी डिसेंबरात वार्षिक क्रीडा स्पर्धा आल्या आणि पदकं आणायचं काम माझ्यावर आलं. सीताबर्डीला व्हेरायटी चौकामागच्या गल्लीत, कमरेचे पट्टे विकणारा आणि घड्याळवाला यांच्या मधोमध, निळकंठराव ठोंबरे यांचं ढाली-चषकांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. काचेच्या काउंटरमागे साठीचा किरकोळ माणूस बसलेला, नाकावर जाड चष्मा, हातात दाढीचा जुना ब्रश. त्या ब्रशानं एका पदकावरची धूळ झाडणं चाललं होतं. मी यादी पुढे सरकवली. प्रथम वीस, द्वितीय वीस, तृतीय वीस.

“नावं?” त्यांनी विचारलं.

“कोणाची?”

“पोराईची. पाठीवर कोरा लागते ना.”

मी म्हटलं, अहो, शर्यती परवा आहेत, कोण जिंकणार ते मला आज कसं कळणार? गृहस्थांनी शांतपणे यादी माझ्याकडे परत सरकवली. “मंग परवाच्या नंतर या.”

“पण बक्षीस समारंभ परवाच आहे.”

“बिनानावाचं पदक कोनाचंही होते, मॅडम. मी नाही देत. समोरच्या गल्लीत भेटते, तिकडून घेऊन घ्या. तिकडं बादल्याही भेटते.” बादल्या म्हणजे ते हातहात उंचीचे सोनेरी चषक. त्यांच्या स्वतःच्या दुकानातही त्या बादल्या होत्या, पण त्यांच्याकडे ते पाठ करून बसत.

यादी काउंटरवरच टाकून मी तरातरा बाहेर पडले. समोरच्या गल्लीतही जाऊन आले. तिथली पदकं हातात घेतली की सोनेरी रंग बोटाला लागत होता. शेवटी तोंड पाडून परत आले, तर म्हाताऱ्यानं यादी लिहूनही घेतली होती. म्हणाले, “मी परवा तुमच्या मैदानातच येतो. एक टेबल आन् विजेची तार तेवढी द्या.”

आणि ते खरंच आले. खेळाच्या खोलीतून लांबलचक वायर ओढून कर्ण्याच्या खांबाशी त्यांना टेबल दिलं. शर्यत संपली की जिंकलेलं पोर थेट त्यांच्यापुढे. ते प्रत्येकाला आधी नाव विचारत, कागदावर लिहून दाखवत, “असंच ना गा?” म्हणून खात्री करत, आणि मग ते हातातलं कोरायचं यंत्र घुर्रर्र करत पत्र्यावर फिरे. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “यांना कोणी बोलावलं?” मी म्हटलं, आपणहून आलेत. कोरण्याचं काम बिलात नव्हतंच. पोत्याच्या शर्यतीत तिसरी आलेली सहावीतली एक मुलगी मला अजून आठवते. तिनं पदक गळ्यात घातलंच नाही. ते तळहातावर पालथं धरून ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आईकडे पळत गेली आणि आईला तिनं आधी पाठ दाखवली. माझा राग तिथं संपला. त्यानंतर दर डिसेंबरात निळूभाऊ, त्यांचं टेबल आणि तो घुर्रर्र आवाज आमच्या मैदानात ठरलेलाच झाला.

माणूस तसा कुरकुऱ्या. फोनवर ‘हॅलो’ म्हणायचे ते समोरच्याचं काहीतरी चुकल्यासारखं. पदकाला पितांबरी किंवा ब्रासो लावणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. “घासून घासून माणूसच पुसून टाकते अन् मंग म्हनते चमकून राहिलं.” दुकानाच्या काउंटरवर, काचेखाली, एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. दरवर्षी यादी देताना ती मी वाचत असे. ‘लाकडी पाटीवर बसवलेलं फौजी पदक फीत बदलायला देऊन गेलेल्यांनी कृपया भेटावं. तुमची वस्तू माझ्याकडे आहे.’ मला वाटे, कोण हा विसरभोळा माणूस, पदक टाकून गेला आणि परत फिरकला नाही. आमच्याही माहेरी लाकडी पाटीवरचं एक पदक होतं, पण ते देव्हाऱ्याशेजारी सुखरूप होतं. त्यामुळे त्या चिठ्ठीचा आणि आपला काही संबंध असेल असं कधी मनातही आलं नाही.

चौथ्या वर्षी निळूभाऊ गुडघ्यानं आजारी पडले आणि दुकान आठवडाभर बंद राहिलं. पदकं घ्यायला मी त्यांच्या प्रतापनगरच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा ठेवला. निळूभाऊ पाय लांब करून पलंगावर बसले होते आणि पलंगभर मिठाईचे रिकामे डबे उघडून पडले होते. डब्यांत काळी मखमल, आणि मखमलीवर पदकं.

“तुमी पोराईले पत्रा देता, मी पत्रा बनवतो,” ते म्हणाले. “म्हनलं घरी तरी काही खरं असू द्यावं.”

त्यांचा सगळा संग्रह फ्रान्सचा होता, त्यातही फ्रेंचांच्या वसाहतींतल्या लढायांचा. तरुणपणी इतवारीच्या जुन्या बाजारात त्यांना एक चांदीचं पदक सापडलं होतं. वर शिरस्त्राण घातलेल्या बाईचं डोकं; ही बाई म्हणजे फ्रान्सचं प्रजासत्ताक. “पापणी पाहा,” म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “एवढ्याशा जागेत पापणी कोरली. मी तीस वर्ष पत्रा कोरून राहिलो, मले नाही जमली.” त्या पापणीपायी हा माणूस फ्रेंच पदकांच्या नादाला लागला होता. भाषा येत नव्हती, देश पाहिला नव्हता, पण पदकांच्या कड्याचा आकार, फितीचे रंग, पाठीवरची अक्षरं यांच्यावर तासभर बोलू शकत होते. चांदीचं ते पदक आभाळी-पांढऱ्या पट्ट्यांच्या फितीचं, वर चंद्रकोरीसारखं कडं, फितीवर आडवी पट्टी आणि पट्टीवर मुलखाचं नाव. कुठे मोरोक्को, कुठे टोंकिन. काही पदकांच्या चंद्रकोरीला दोन्ही बाजूंनी नक्षी, काहींना एकाच बाजूनं, कारण बनवणारे कारखाने वेगवेगळे.

“पन हे हजेरीचं,” ते म्हणाले. “तिकडं जाऊन नोकरी केली का भेटे. हिमतीचं हे पाहा.”

त्यांनी दुसरा डबा ओढला. त्यात काशाच्या रंगाचे क्रॉस होते. मधोमध टोपी घातलेल्या बाईचं डोकं आणि चार हातांच्या मधून निघालेल्या दोन तलवारी. सगळे अगदी एकसारखे. मग त्यांनी ते एकेक करून पालथे केले. एकावर १९१४-१९१५, दुसऱ्यावर १९१४-१९१६, तिसऱ्यावर १९१४-१९१८. पहिल्या महायुद्धात दरवर्षी पाठीवरचं साल बदलत गेलेलं. “आन् वसाहतीतल्या लढाईत कोनी बहादुरी केली, तर त्याले बी हाच क्रॉस. पन त्याच्या पाठीवर साल नसते, अक्षरं असते. ‘परमुलखातल्या मोहिमा’ असं काहीतरी. फीत आभाळी, कडा लाल. महायुद्धाची फीत हिरवी, लाल रेघांची. फीत काढून ठेवा, समोरून कोनाच्या बापाले वळखू येनार नाही.”

“त्यावर शिपायाचं नाव नाही?” मी विचारलं.

“तेच तर. इंग्रजाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव असे. फ्रान्सवाल्यानं नाही कोरलं.”

मी सहज म्हणाले, “आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, आहे असला. माझ्या आजोबांचा, आबांचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते ते.”

“कशावर आहे?”

“सागवानी पाटीवर, लाखेनं बसवलेला. दादा दसऱ्याला पूजा करतात त्याची.”

“फीत?”

“हिरवी. लाल रेघांची.”

निळूभाऊंनी डबा हळूच पलंगावर ठेवला. काकू चहाचे कप घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. “सापडले वं,” निळूभाऊ त्यांना म्हणाले.

मला आधी काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी एक खेडूत माणूस सागाची पाटी घेऊन दुकानात आला होता. फीत कुजली होती. त्याला संध्याकाळच्या बसनं परत जायचं होतं. निळूभाऊंनी लाख तापवून क्रॉस सोडवला आणि साफ करायला टेबलावर ठेवला. त्याच टेबलावर त्यांचा स्वतःचा एक क्रॉस होता, वसाहतीचा, फीत नसलेला. काकूंबरोबर पाँडिचेरीला गेले असताना जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला, त्यांच्या संग्रहातला त्या जातीचा एकुलता एक. दोन्ही क्रॉस समोरून सारखे, दोन्ही बिनफितीचे. लाख निवायच्या आत बसवायची घाई. इतवारीतून जुळवून आणलेली हिरवी फीत ओवून त्यांनी त्यांतला एक पाटीवर दाबला आणि पाटी गिऱ्हाइकाच्या हातात दिली. पावतीवर ‘पाटी, फीत बदल’ एवढंच लिहिलं होतं, नाव नाही. महिन्याभरानं आपला क्रॉस सहज उलटा केला, तर पाठीवर १९१४-१९१७.

तो खेडूत माणूस म्हणजे आमचे दादा. त्या वर्षी मी नुकतीच सासरी गेले होते. दादा पाटी घेऊन शहरात येऊन गेल्याचा मला पत्ताच नव्हता. पाटीवर बसवलेल्या क्रॉसची पाठ घरात कुणी पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

काकूंनी कपाटातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक पेटी आणली. त्यात कापसावर आबांचा क्रॉस होता. निळूभाऊंनी तो संग्रहात कधीच ठेवला नव्हता. खिशात घालून ते कामठीला माजी सैनिकांच्या मेळाव्यांना जाऊन आले होते, ओळख पटते का बघायला. त्याच्या आकड्यांच्या खाचेत अजून लाल लाख अडकलेली होती. मी तो हातात घेतला आणि लगेच पेटीत परत ठेवला.

कारण दादा. दादा तेव्हा ऐंशीचे. उमरेडकडच्या गावी थोरल्या भावाकडे असायचे. काचबिंदूनं दृष्टी गेलेली. आबांनी कुणा फ्रेंच साहेबाला चिखलातून खांद्यावर घालून आणलं, ही गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्याची मिळकत. येत्या प्रजासत्ताकदिनी ती पाटी गावच्या शाळेला देऊन टाकायची असं त्यांनी ठरवलं होतं, आणि महिनाभर दुसरा विषय नव्हता. इतकी वर्षं परक्याच पदकाची पूजा केली हे या वयात त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

मी म्हटलं, “निळूभाऊ, मी पाटी दुरुस्तीच्या नावानं घेऊन येते. तुम्ही क्रॉस बदलून द्या. दादांना दिसत नाही, त्यांना कळणारही नाही.”

“दिसत नाही म्हनून नाही सांगाचं?” ते म्हणाले. “मले तर दिसे. मी दिसत असून चुकलो. नाही मॅडम, मी येतो.”

त्या रविवारी दुखरा गुडघा घेऊन हा माणूस माझ्याबरोबर एसटीनं गावाला आला. मला वाटत होतं, स्वतःचं मन हलकं करायला हा माझ्या बापाला दुखवायला निघाला आहे. घरी पोचल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दादांच्या समोर जमिनीवर बसले, नाव सांगितलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. काही झाकलं नाही, घाईचं कारणही पुढे केलं नाही. मग वहिनीकडून निखारे मागवून लाख ऊन केली, पाटीवरचा क्रॉस सोडवला आणि दोन्ही क्रॉस दादांच्या दोन तळहातांवर ठेवले.

दादांनी अंगठ्यानं एकेकाची पाठ चाचपली. एकीवर अक्षरं. दुसरीवर आकडे. आकड्यांवर अंगठा थांबला. “हे लाख मी वितळवली होती,” ते म्हणाले. “लहान होतो. आबानं क्रॉस दाबून धरला, मी लाख ओतली. हात भाजला होता.” मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

“भाऊ,” दादांनी विचारलं, “मंग अठरा वर्ष आमी हळदकुंकू कोनाले लावलं?”

“नाव नाही माहीत मले. पाँडिचेरीकडचा असन बहुतेक, तिकडचे पोरं फ्रान्सच्या फौजेत जात. मोरोक्कोत लढला का इंडोचायनात, देव जाने. पन हिमतीनं लढला, त्याबिगर हे भेटत नाही.”

“त्याची मायही वाट पाहत असन.”

“असन.”

“त्याच्या घरी तर कोनी पूजा नसन केली. क्रॉस दुकानात विकाले गेला म्हंजे.” दादांनी अक्षरांचा क्रॉस मुठीत धरला. “बरं झालं मंग, आमच्या घरी आला. त्याले काहून बाहेर काढता आता? बसवा आबाच्या बाजूले.”

निळूभाऊंनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घालायचा विसरले. तो क्रॉस त्यांच्या संग्रहात एकुलता एक होता हे दादांना ठाऊक नव्हतं, आणि निळूभाऊंनी सांगितलं नाही. त्यांनी पिशवीतून आभाळी फीत काढली. म्हणजे ती ते बरोबर घेऊन आलेच होते. दोन्ही क्रॉस पाटीवर शेजारी शेजारी बसले, एक हिरव्या फितीचा, एक आभाळी. शाळेला दादांनी आबांचा फोटो दिला आणि पाटी घरीच ठेवली.

मात्र निळूभाऊ नावावाचून कसे उठणार? पुढच्या खेपेला त्यांनी पितळेची पट्टी आणली आणि पाटीच्या मागच्या बाजूला ठोकली. वर आबांचं नाव कोरलं होतं, ‘गणपत विठोबा भोयर’. खाली, ‘दुसऱ्याचं नाव माहीत नाही’. तेव्हा कुठे मला कळलं की मैदानात दर डिसेंबरात तो घुर्रर्र आवाज का होत होता. पावतीवर एक नाव लिहायचं राहिलं होतं म्हणून हा माणूस शहरातल्या हजारो पोरांची नावं कोरत बसला होता.

त्यानंतर दर दसऱ्याला निळूभाऊ गावी येत. दाढीचा ब्रश घेऊन. वहिनीनं पितांबरीची पुडी काढली की ओरडत. दादा मुद्दाम म्हणत, “लाव वं थोडी, चमकू दे,” आणि मग दोघांचं जुंपे. आबांची चिखलातली गोष्ट दादा दरवर्षी सांगत. दरवर्षी तो फ्रेंच साहेब वजनानं वाढत जाई आणि निळूभाऊ पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकत. दृष्टी गेल्यापासून दादा गप्प गप्प झाले होते. अखेरच्या चार वर्षांत त्यांना एक भांडायला हक्काचा माणूस मिळाला. मी त्यांना फसवायला निघाले होते. निळूभाऊंनी ते माझ्या हातून होऊ दिलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं तर “यादी आनली का?” एवढंच म्हणाले असते.

दादा गेले. गेल्या वर्षी निळूभाऊही गेले, पावसाळ्याच्या शेवटी, झोपेतच. काकूंनी संग्रह भाच्याच्या स्वाधीन केला. मला बोलावून त्यांनी कोरायचं यंत्र माझ्या हातात दिलं. “तुमच्या पोराईची नावं आता कोन कोरन?” म्हणाल्या. डिसेंबरात कर्ण्याच्या खांबाशी आता मीच बसते. शिट्टी दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात असते.

यंदा दसऱ्याला मी यंत्र घेऊन गावी गेले. पाटी मांडीवर पालथी घेतली आणि पितळी पट्टीवर, माहीत नसलेल्या नावाच्या खाली, तिसरी ओळ कोरली. ‘निळकंठ ठोंबरे’. अक्षर वाकडं आलं. त्यांनी पाहिलं असतं तर पुसून पुन्हा करा म्हणाले असते. वहिनी तबक घेऊन आली आणि पाटी सरळ करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे तशीच. मग तिन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या आणि हळदकुंकू पहिल्यांदा पाठीला लावलं.